अग्रहक्काची सनद

उत्तर बरोबर असणे ही एक गोष्ट झाली आणि ते वेळेवर येणे ही दुसरी. शाळेच्या परीक्षेत पहिल्या गोष्टीला गुण मिळतात. संसारात पुष्कळदा दुसरीला. शेगडीवरचे दूध वर येऊ लागले की भांडे उतरवावे, हे ज्ञान घरातल्या लहानथोरांना असते. पण दूध उतू गेल्यानंतर अर्ध्या मिनिटाने धावून येणाऱ्याचे ज्ञान कितीही निर्दोष असले, तरी त्याचा उपयोग शेगडी पुसण्यापुरताच उरतो. आज आपल्या भोवती अशी पुष्कळ यंत्रे आहेत, की ज्यांच्या पोटात एक लहानसा संगणक बसवलेला असतो आणि त्या संगणकाला दुधावर नजर ठेवणाऱ्या गृहिणीप्रमाणे क्षणाक्षणाला जागे राहावे लागते. मोटारीचा ब्रेक, रुग्णाला श्वास पुरवणारे यंत्र, कारखान्यातला पोलाद कापणारा यांत्रिक हात, ही अशी यंत्रे होत. त्यांच्या बाबतीत उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकलेलेच उत्तर असते.

आता अडचण अशी, की संगणक एक आणि कामे अनेक. त्याच संगणकाला मोटर फिरवायची असते, पडद्यावर आकडे दाखवायचे असतात, तारेवरून आलेले निरोप घ्यायचे असतात आणि दिवसभराची नोंदवहीही लिहायची असते. यांपैकी आधी कोणी जायचे? आणि 'मी आधी' म्हणण्याचा हक्क कोणाला कोणी द्यायचा? वरवर पाहता हा कारागिरांच्या कार्यशाळेतला प्रश्न आहे. परंतु जरा खोल गेले, म्हणजे तो सत्ता, तिचे वाटप आणि तिच्या मर्यादा यांचा सनातन प्रश्न आहे असे ध्यानात येते. लिनक्स नावाच्या ज्या संचालन-प्रणालीवर जगातली अशी बरीच यंत्रे चालतात, तिच्यात या हक्काचा कायदा कसा घडत गेला, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

या इतिहासाची पहिली नाट्यमय घटना जमिनीवर घडली नाही, चंद्रावर घडली. २० जुलै १९६९ या दिवशी अपोलो ११ चे 'ईगल' हे यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असताना त्यातील संगणकाने १२०२ आणि मग १२०१ या क्रमांकांचे धोक्याचे इशारे दिले. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारकडून येणारे संदेश संगणकाचा वेळ खात होते आणि कामे साठत चालली होती. साधा संगणक असता तर तेथेच गोंधळून बसला असता. परंतु मॅसेच्युसेट्स येथील प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग यांनी त्या संगणकासाठी कामांना अग्रक्रम देणारी एक व्यवस्था आखली होती. तिने साठलेला पसारा झटकून टाकला, यान सांभाळण्याची निकडीची कामे पुन्हा सुरू केली आणि दुय्यम कामे बाजूस ठेवली. यान उतरले. सर्वांना समान वागणूक देणारा संगणक त्या दिवशी न्यायी ठरला असता, पण उपयोगी ठरला नसता.

चारच वर्षांनी, १९७३ साली, लिऊ आणि लेलँड या दोघा अभ्यासकांनी या अनुभवाला गणिताचा पाया दिला. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कामे असतील, तर जे काम अधिक वेळा येते त्याला वरचा क्रम द्यावा. असे केल्यास, कामांची संख्या कितीही असली तरी, संगणकाच्या वेळेपैकी सुमारे ६९ टक्क्यांपर्यंतचा भार प्रत्येक काम वेळेत संपवून उचलता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. आणि ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला आधी सोडावे, असा फिरता क्रम ठेवला, तर हीच हमी पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे अग्रक्रम हा लहरीचा विषय राहिला नाही. त्याला हिशेब आला.

परंतु लिनक्सचे घराणे या परंपरेतले नव्हे. १९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिण्यास घेतली ती युनिक्स या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर. आणि युनिक्सचा स्वभाव सार्वजनिक वाचनालयासारखा. एक संगणक, अनेक माणसे, सर्वांना आळीपाळीने वेळ. तेथे एखाद्या कामाने स्वतःहून मागे सरकायचे ठरवले तर त्यास कोणाचीच हरकत नसे. या सोयीचे नावच 'नाइस', म्हणजे सौजन्य, असे आहे. मात्र पुढे सरकायचे असेल तर ते केवळ 'रूट' या सर्वाधिकाऱ्यालाच शक्य. सौजन्याला परवाना लागत नाही, अग्रहक्काला लागतो, हा नियम युनिक्सने पहिल्यापासून पाळला.

१९९३ साली युनिक्स-घराण्याच्या सामाईक मानकात वेळेची हमी मागणाऱ्या कामांसाठी नवी कलमे आली आणि १९९६ च्या सुमारास ती लिनक्समध्ये उतरली. त्यांपैकी मुख्य कलमाचे नाव 'शेड-फिफो'. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण त्यातून घडले. या वर्गातल्या कामास १ पासून ९९ पर्यंत एक दर्जा मिळतो. असे काम एकदा सुरू झाले, की ते स्वतः थांबेपर्यंत, किंवा त्याहून वरच्या दर्जाचे काम येईपर्यंत, चालूच राहते. सामान्य कामांनी तोवर दारात उभे राहायचे. आता कल्पना करा, की अशा कामात एक क्षुल्लक दोष राहिला आणि ते एकाच फेऱ्यात गरगरत बसले. एकच प्रोसेसर असलेल्या यंत्रात मग कळफलकाला उत्तर मिळत नाही, पडदा थिजतो आणि त्या कामाला थांबवण्याची आज्ञा देणाऱ्यालाही पाळी मिळत नाही. एवढे जालीम शस्त्र रूटखेरीज कोणाच्या हाती देऊ नये, असे ठरले ते योग्यच होते.

नुसता वरचा दर्जा दिल्याने काम भागत नाही, हा धडा मात्र पुन्हा आकाशातूनच आला. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक स्वतःला पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करू लागला. त्यावरची प्रणाली लिनक्स नव्हती, व्हीएक्सवर्क्स होती. पण दुखणे सर्वांचेच होते. हवामानाची नोंद घेणारे एक खालच्या दर्जाचे काम एका सामाईक साधनाची किल्ली आपल्याकडे ठेवून बसे. वरच्या दर्जाच्या कामाला तीच किल्ली हवी असे. आणि मधल्या दर्जाची कामे खालच्याला हलूच देत नसत, त्यामुळे किल्ली सुटत नसे. श्रीमंताची वाट मधल्यांनी अडवली, तीही गरिबाला अडवून. यावर उपाय १९९० साली शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी विस्ताराने मांडलेलाच होता. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला, ती सोडेपर्यंत, वाट पाहणाऱ्याचा दर्जा उसना द्यावयाचा. पृथ्वीवरून तशी आज्ञा धाडण्यात आली आणि यान ताळ्यावर आले. लिनक्समध्ये सामान्य प्रोग्रॅमांना ही उसन्या दर्जाची सोय २००६ साली मिळाली.

आता परवान्याकडे वळू. रूटच्या हाती सर्व सत्ता ठेवण्यात एक मोठा दोष होता. ज्याला फक्त रांगेत पुढे जायचे आहे, त्याला सर्व कुलपांच्या किल्ल्या द्याव्या लागत. पाणी प्यायला आलेल्याच्या हाती आख्ख्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखेच हे झाले. १९९९ च्या जानेवारीत लिनक्सची २.२ ही आवृत्ती आली, तिच्यात या सर्वाधिकाराचे तुकडे पाडण्यात आले. त्यांतला 'कॅप-सिस-नाइस' नावाचा तुकडा म्हणजे अग्रक्रम वाढवण्याचा अधिकार. तत्त्वतः प्रश्न सुटला. व्यवहारात मात्र तो अधिकार सामान्य वापरकर्त्याच्या कामापर्यंत पोहोचवण्याची सोपी वाट पुढे बरीच वर्षे नव्हती.

ही उणीव सर्वांत आधी कोणाला बोचली असेल, तर ती कारखानदारांना नव्हे, संगीतकारांना. संगणकावर ध्वनिमुद्रण करणारी मंडळी सेकंदाला ४८,००० नमुने घेतात आणि ते ६४-६४ च्या घासांनी पुढे पाठवतात. हिशेब केल्यास एका घासाला दीड मिलिसेकंदाहूनही कमी अवधी मिळतो. तेवढ्यात काम झाले नाही, तर गाण्यात 'कट्' असा आवाज येतो, आणि गायकाच्या ताना कितीही सुरेल असोत, तो खडा दाताखाली आल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक संगीतकाराने आपला प्रोग्रॅम रूट होऊन चालवावा काय? हे धोक्याचे होते. म्हणून त्यांनी गाभ्यात जोडण्याचा एक स्वतंत्र भाग तयार केला. गाभ्याची जबाबदारी वाहणाऱ्यांपैकी काहींना तो पसंत नव्हता. एका वर्गाच्या सोयीसाठी वेगळा दरवाजा पाडावा की सर्वांसाठी एक सर्वसाधारण नियम करावा, असा हा वाद होता. २००५ साली २.६.१२ या आवृत्तीत तोड निघाली. प्रत्येक वापरकर्त्यास किती वरच्या दर्जापर्यंत जाता येईल, याची एक मर्यादा नोंदवता येऊ लागली. काही नोंदवलेले नसेल तर ती मर्यादा शून्य, म्हणजेच हक्क नाही. आमच्या मते हा निवाडा शहाणपणाचा होता. मागणी संगीतकारांची होती, पण कायदा त्यांच्या नावाचा झाला नाही. तो सर्वांचा झाला.

हक्काची उंची ठरली. त्याचा काळ ठरायचा होता. २००८ साली २.६.२५ या आवृत्तीत ते झाले. दर १० लाख मायक्रोसेकंदांपैकी, म्हणजे एका सेकंदापैकी, अग्रहक्काच्या कामांनी मिळून ९ लाख ५० हजार मायक्रोसेकंदच वापरावेत आणि उरलेला विसावा हिस्सा सामान्यांसाठी राहावा, असा नियम मूळ मांडणीतच घालण्यात आला. हा विसावा हिस्सा लहान दिसतो. पण बेफाम झालेल्या कामाला आवरायला आलेल्या माणसाला दार उघडे सापडते ते त्याच्यामुळेच. ही वाटणी करण्याची आतली रीत पुढे बदलली, तत्त्व तेच राहिले. त्याच आवृत्तीत कामांचे गट पाडून प्रत्येक गटाला या वेळेचा वेगळा वाटा नेमून देण्याची सोयही आली. आणि २००९ च्या अखेरीस आणखी एक सुंदर कलम आले. अग्रहक्क असलेल्या कामाने नवे काम जन्माला घातले, तर त्या अपत्याला तो हक्क आपोआप मिळू नये, असे बजावून ठेवता येऊ लागले. ज्या महाराष्ट्राने वतने आणि त्यांचे झगडे पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्याला या कलमाचे मर्म सांगण्याची आवश्यकता नाही.

इतका इतिहास सांगण्याचे कारण आता स्पष्ट करतो. समजा, एका कारखान्यात लहानशा लिनक्स-पाटीवर मोटर चालवणारा प्रोग्रॅम बसवला आहे. तो गाभ्याकडे ८० चा दर्जा मागतो आणि गाभा दोनच शब्दांचे उत्तर देतो, 'परवानगी नाही'. कोणत्या कायद्याने नाही, ते तो सांगत नाही. नकार एकच, पण त्याच्यामागे १९९९ चे कलम असेल, २००५ चे असेल किंवा २००८ चेही असेल. मग दोष शोधणाऱ्याला इतिहासकाराचीच रीत पत्करावी लागते. जुन्या टेकाडाचे उत्खनन थराथराने करतात, तसे हे करायचे.

पहिला थर अधिकाराचा. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाची एक खातेवही असते. चालू असलेल्या प्रत्येक कामाचे पान तीत उघडून पाहता येते. त्या पानावर कॅप-सिस-नाइस हा अधिकार नोंदला आहे काय, ते आधी पाहावे. हल्ली पुष्कळ प्रोग्रॅम बंद पेटीत, ज्यास कंटेनर म्हणतात त्यात, चालवतात. आणि तेथे नेहमीच्या मांडणीत हा अधिकार काढून घेतलेला असतो. पेटीतला रूट हा नावाचाच राजा असतो. तसेच २००८ पासून प्रोग्रॅमच्या फाइलीवरच अधिकाराचा शिक्का मारता येतो खरा. पण प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि जुन्याच्या जागी ठेवला, की शिक्का जातो. काल चालत होते ते आज का चालेना, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

दुसरा थर मर्यादेचा. येथे एक फसवी गोष्ट घडते. कारागीर स्वतः यंत्रात प्रवेश करून प्रोग्रॅम हाताने चालवतो, तेव्हा तो बिनतक्रार चालतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि तोच प्रोग्रॅम आपोआप चालू झाला, की 'परवानगी नाही'. माणूस चक्रावतो. कारण असे, की दर्जाची मर्यादा ज्या यादीत लिहिलेली असते, ती यादी माणूस दारातून आत येताना द्वारपाल वाचतो. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारी सेवा त्या दारातून येतच नाही. २०१० पासून पसरलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थापकात अशा सेवेच्या स्वतःच्या पत्रिकेत मर्यादा वेगळी लिहावी लागते. आणि अगदी लहान यंत्रांत तर पुष्कळदा तो द्वारपालच नसतो. तेथे यादी कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिली तरी ती वाचणार कोण?

तिसरा थर गटाच्या वाट्याचा. सर्वांत बुचकळ्यात पाडणारा हाच. ज्या गाभ्यात गटवार वाटणी चालू ठेवलेली असते, तेथे नव्या गटाचा वाटा आरंभी शून्य असतो. अशा गटात पडलेल्या कामाला, ते प्रत्यक्ष रूटचे असले तरी, अग्रहक्क नाकारला जातो. ज्याला अधिकार आहे पण ज्याच्या खात्यात एक क्षणही जमा नाही, त्याने सनद घेऊन करायचे काय? येथे उपाय म्हणजे गटाला वाटा नेमून देणे, किंवा काम मूळ गटात ठेवणे, किंवा गरज नसल्यास गटवार वाटणीवाचूनचा गाभा बांधणे.

पण याच ठिकाणी एक मोह वाट पाहत असतो, आणि त्याविषयी सावध करणे आम्हांला अगत्याचे वाटते. वेळेच्या त्या सार्वत्रिक मर्यादेच्या जागी उणे एक लिहिले, की नकार चुटकीसरशी नाहीसा होतो. प्रोग्रॅम चालतो, मालक खूश होतो, कारागीर घरी जातो. पण ज्या गाभ्यात वाटणीची जुनी रीत आहे, तेथे त्या एका आकड्याने सामान्य कामांसाठी राखलेल्या विसाव्या हिश्शाचे ते २००८ चे कुंपणही उपटले जाते. पुढे सहा महिन्यांनी एखाद्या रात्री प्रोग्रॅम एका फेऱ्यात अडकेल, तेव्हा त्याला थांबवायला बाहेरून कोणी आत शिरू शकणार नाही, आणि समोर मोटर फिरत असेल. सगळे काही रूट होऊन चालवणे हाही याच जातीचा मोह आहे. दोन्हींत दोष दूर होत नाही. दोष सांगणारा आवाज तेवढा बंद होतो.

उलट बाजूनेही विचार केला पाहिजे. मर्यादा ही प्रत्येक वेळी शत्रूच असते असे नाही. मोटर चालताना जवळजवळ दर सेकंदाला पन्नास मिलिसेकंद अडखळत असेल, तर तो परवान्याचा प्रश्न नव्हे. आपले काम उसंत न घेता शंभर टक्के वेळ मागत आहे आणि गाभा त्याला दमाने घे म्हणत आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. तेथे नियम सैल करण्याऐवजी कामाची आखणी सुधारणे हाच खरा उपाय.

२०१४ साली ३.१४ या आवृत्तीत लिनक्सने १९७३ च्या त्या गणिताचे ऋण फेडले. नव्या वर्गातल्या कामाने दर्जा मागायचा नाही. किती अवधीत, किती वेळ, कोणत्या मुदतीच्या आत हवा, ते सांगायचे. गाभा बेरीज करतो आणि ती बसत नसेल, तर काम आत घेतच नाही. त्या वेळी तो 'परवानगी नाही' म्हणत नाही, 'जागा नाही' म्हणतो. हा शब्दांचा फरक मोठा आहे. पहिल्या नकारात तू कोण, असा प्रश्न आहे. दुसऱ्यात आमच्याजवळ किती आहे, याचा प्रामाणिक हिशेब आहे.

या कथेचा शेवटचा मोठा टप्पा अगदी अलीकडचा. गाभा स्वतःच्या कामात गुंतला असतानाही त्याला मध्येच थांबवता यावे, यासाठी इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी २००४ च्या सुमारापासून खपत होते. त्यांचे काम मुख्य गाभ्याबाहेर ठिगळाच्या रूपाने वाढले आणि थोडेथोडे करून आत घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्ना येथील मेळाव्यात शेवटच्या भागाचे विनंतीपत्र ग्लाइक्सनर यांनी कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून, टॉरव्हाल्ड्स यांच्या हाती दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. वीस वर्षांच्या चिकाटीचे ते फळ. तरीही ध्यानात ठेवावे, की यामुळे परवान्याचे एकही कलम रद्द झाले नाही. गाभा तत्पर झाला. आधी कोणी जायचे, हे अजून आपणच ठरवायचे आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला जे दिसते, ते थोडक्यात असे. अग्रहक्क वाईट नव्हे. रुग्णवाहिकेला वाट देणारा समाज विषमतेचा पुरस्कर्ता ठरत नाही. परंतु त्या हक्काला चार गोष्टी जोडलेल्या असाव्या लागतात. तो कोणाला दिला याची नोंद, तो किती उंच जाऊ शकतो याची मर्यादा, तो किती काळ चालेल याचा हिशेब, आणि तो वारशाने न जाण्याची तजवीज. या चारही गोष्टी कोणा एका विद्वानाने एका बैठकीत लिहून ठेवल्या नाहीत. अनुभवाने, चुकांनी आणि भांडणांनी त्या एकेक करून मिळाल्या. म्हणून एखाद्या रात्री एखाद्या यंत्रासमोर बसलेल्या कारागिराला 'परवानगी नाही' असे उत्तर येईल, तेव्हा त्याने कुलूप फोडण्याची घाई करू नये. हे कुलूप कोणत्या साली आणि कोणाच्या रक्षणासाठी लावले गेले, ते आधी विचारावे. किल्ली बहुधा त्या उत्तरातच असते.